सर्व्हर आपोआप रीबूट होतोय? पार्ट बदलायच्या आधी तो कसा पडला ते शोधा

आमच्या घरी एक स्टोरेज सर्व्हर आहे. फार काही मोठं नाही, ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, वर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि झेडएफएस (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टिम), टीव्हीच्या युनिटखाली २४ तास चालू असतो. त्यात मुलीचे जन्मापासूनचे फोटो आहेत, घराचे सगळे कागद स्कॅन करून ठेवलेत, आणि आईच्या आवाजातल्या ओव्या आहेत ज्या मी कॅसेटवरून उतरवून घेतल्या आणि ती कॅसेट आता वाजत नाही. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात हा सर्व्हर आठवड्यातून दोन-तीनदा स्वतःहून रीबूट व्हायला लागला तेव्हा माझी झोपच उडाली. कारण सापडायला तीन महिने लागले आणि त्यातले पहिले दोन मी नुसते पार्ट बदलण्यात घालवले, आधी नवीन रॅम घेतली, मग डिस्क जोडायच्या साटा केबल बदलल्या, मग कोणीतरी सांगितलं म्हणून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट. काही फरक पडला नाही. ज्याच्या घरी असा डबा आहे त्याचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे सगळं लिहितोय.

सगळ्यात आधी एक काम करा, शोधाशोध सुरू करायच्या आधी जे परत मिळणार नाही ते एखाद्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ती डिस्क काढून कपाटात ठेवा. अचानक रीबूट होताना नेमकं काय लिहिलं जात होतं यावर नुकसान ठरतं. झेडएफएस त्या बाबतीत बराच समजूतदार आहे, तो जुन्या डेटावर नवीन लिहीत नाही, शेजारी लिहितो आणि साधारण दर ५ सेकंदांनी सगळं एकदम पक्कं करतो, त्यामुळे गेलं तर शेवटचे काही सेकंद जातात, आधीचं जागेवर राहतं. पण साध्या रेड ५ मध्ये, म्हणजे अनेक डिस्क मिळून डेटा ठेवायच्या एका पद्धतीत, डेटा लिहिला गेला आणि पॅरिटी (मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला लागणारा हिशोब) लिहायची राहिली असं होऊ शकतं, आणि ते त्या दिवशी कळतही नाही, पुढे कधीतरी एखादी डिस्क मेली की तेव्हा कळतं.

आता मुद्दा. बाहेरून बघितलं तर सगळे रीबूट सारखेच दिसतात, दिवा जातो, पंखा फिरतो, दोन मिनिटांनी मशीन परत हजर. पण आत चार पूर्णपणे वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. एक, मशीनला कोणीतरी रीतसर सांगितलं की रीबूट हो. दोन, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल अशा जागी अडकला की पुढे जाणं धोक्याचं, म्हणून त्याने स्वतःच हात वर केले, याला कर्नल पॅनिक म्हणतात. तीन, मशीन ठार हँग झालं आणि मदरबोर्डवरचा वॉचडॉग टायमर, ज्याला सिस्टिमने दर थोड्या वेळाने "मी जागा आहे" असं सांगायचं असतं, त्याला उत्तर मिळालं नाही म्हणून त्याने रीसेट मारला. आणि चार, वीजच गेली, किंवा क्षणभर इतकी खाली आली की मदरबोर्ड टिकला नाही. या चारपैकी काय झालं ते कळलं की अर्ध्याहून जास्त संशयित आपोआप सुटतात, आणि ते कळायच्या आधी रॅम विकत घेणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

हे ओळखायची पहिली जागा म्हणजे लॉग, सिस्टिम स्वतः लिहिते त्या नोंदी. लिनक्सवर जर्नलसीटीएल नावाची कमांड आहे, तिला लिस्ट-बूट्स असं सांगितलं की लॉगमध्ये टिकलेल्या सगळ्या बूटची, म्हणजे मशीन चालू झाल्याच्या वेळांची, यादी येते, आणि उणे एक सांगितलं की मागच्या बूटचा लॉग मिळतो. त्याच्या एकदम शेवटच्या ओळी बघायच्या. तिथे सर्व्हिसेस एकेक करून बंद झाल्याचं, फाइल सिस्टिम अनमाउंट झाल्याचं (म्हणजे डिस्क नीट सोडल्याचं) दिसलं तर तो पहिला प्रकार, रीतसर रीबूट. मग कोणी सांगितलं ते शोधा, आपोआप अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमला गरज पडल्यास रीबूट करायची परवानगी दिलेली असते कधीकधी, किंवा पॉवरचं बटण दाबल्याची ओळ दिसते आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर तेवढ्यावर तपास संपतो. पण लॉग एखाद्या अगदी साध्या ओळीवर, म्हणजे कुठलातरी तासाचा जॉब चालू झाला वगैरे, अशा ठिकाणी कापल्यासारखा थांबला असेल आणि पुढची ओळ थेट नवीन बूटची असेल, तर मशीनला काही लिहायला वेळच मिळाला नाही. माझ्याकडे प्रत्येक वेळी हेच होतं.

एक गोष्ट इथे तपासून घ्या, काही सिस्टिमवर लॉग फक्त रॅममध्ये राहतो आणि रीबूटबरोबर पुसला जातो. लॉगच्या फोल्डरमध्ये जर्नल नावाचं फोल्डर असलं तरच तो डिस्कवर टिकतो, नसेल तर बनवा आणि पुढच्या घटनेची वाट बघा.

कर्नल पॅनिकचं थोडं वेगळं आहे. लिनक्सचा मूळ स्वभाव असा की पॅनिक झाल्यावर तो तिथेच थांबतो, रीबूट होत नाही, स्क्रीन जोडलेली असेल तर शेवटचा मजकूर दिसत राहतो. पण स्टोरेजसाठीच्या तयार सिस्टिममध्ये बऱ्याचदा काही सेकंदांनी रीबूट व्हायचं सेटिंग आधीच करून ठेवलेलं असतं, आणि लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी ही सिस्टिम असेल तर तो मुळातच १५ सेकंद थांबून रीबूट होतो. म्हणून हे सेटिंग तात्पुरतं शून्य करून ठेवा, म्हणजे लिनक्सवर पॅनिक असेल तर मशीन अडकलेलं सापडेल आणि मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढता येईल. बऱ्याच मशीनवर पीस्टोअर नावाची सोयही असते, मरताना कर्नल शेवटचे शब्द मदरबोर्डच्या मेमरीत लिहून ठेवतो आणि पुढच्या बूटला ते वाचता येतात. माझ्याकडे तिथे काहीच नव्हतं. म्हणजे दुसरा प्रकार जवळपास बाद.

आता मला सगळ्यात आवडलेली युक्ती सांगतो, आणि ही मला कुणी आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. तुमच्या डिस्क स्वतः हिशोब ठेवतात. प्रत्येक हार्ड डिस्कच्या स्मार्ट माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिच्यात, १२ नंबरचा एक आकडा असतो, पॉवर सायकल काउंट, म्हणजे डिस्कची वीज जाऊन परत किती वेळा आली. साधा रीबूट केला, पॅनिक झाला, किंवा वॉचडॉगने रीसेट मारला तर डिस्कची वीज जात नाही, ती फिरतच राहते आणि हा आकडा वाढत नाही. वीजच गेली असेल तर वाढतो. बऱ्याच डिस्कमध्ये १९२ नंबरचाही एक आकडा असतो, तो झटक्याने वीज गेल्यामुळे तबकडी वाचणारं हेड घाईघाईत मागे घ्यावं लागलं त्याची मोजणी करतो. स्मार्टसीटीएल कमांडने हे दोन्ही आकडे आज लिहून ठेवा, एकदा हाताने साधा रीबूट करून काय बदलतं ते बघून घ्या, मग पुढच्या अपघातानंतर परत बघा. फक्त एक लक्षात ठेवा, आकडा वाढला तर वीज गेली हे नक्की, पण नाही वाढला म्हणून वीज निर्दोष असं नाही, कारण अगदी काही मिलीसेकंदांची घसरण मदरबोर्डला पाडते आणि डिस्क त्यातून तरून जाऊ शकते.

दुसरी युक्ती बायोसमधली, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधली. वीज परत आल्यावर मशीनने काय करायचं याचं एक सेटिंग असतं, सर्व्हरवर आपण ते "चालू हो" असं ठेवतो आणि ते बरोबरच आहे, पण तपासाच्या काळात ते "बंद रहा" करा. मग भिंतीतली वीज गेली असेल तर मशीन बंद पडलेलं सापडेल, आणि आतल्या आत रीसेट झालं असेल तर चालू सापडेल. फुकटचा पुरावा आहे हा.

आणि तिसरं, एक वही. खरंच कागदाची वही घ्या. तारीख, वेळ, घरात त्या वेळी काय चालू होतं, लाईट गेली होती का, डिस्कचे आकडे, मशीन बंद सापडलं की चालू. मी ही वही उघडली तिसऱ्या महिन्यात आणि नऊ नोंदी झाल्यावर जे दिसलं त्याने मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण ते दोन वेगळे गट होते. पाच वेळा लाईट गेली होती किंवा डीम झाली होती, त्या पाचही वेळा चारही डिस्कचा आकडा एकने वाढलेला आणि मशीन बंद सापडलेलं. उरलेल्या चार वेळा लाईट व्यवस्थित होती, वेळ रात्री आठ ते दहाच्या मधली, मशीन चालू सापडलेलं, आकडे जागच्या जागी. म्हणजे कारण एक नव्हतंच. दोन होती, आणि मी दोन महिने दोघांना मिळून एकच समजत होतो म्हणून एकही उपाय लागू पडत नव्हता, एक काही दिवस शांत बसला की दुसरा सुरू.

पहिल्या गटाचं बोलू. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यामुळे लाईट गेली तरी पंखे-दिवे चालू राहतात आणि म्हणून मी वीज हा विषय डोक्यातून काढूनच टाकला होता. पण इन्व्हर्टर बॅटरीवर जायला थोडा वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायमध्ये, एक मोठा कपॅसिटर असतो, तो भरलेल्या टाकीसारखा, भिंतीतून वीज थांबली तरी तो भरल्या लोडवर साधारण १६ मिलीसेकंद मशीन चालवतो असं डिझाइन असतं. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज म्हणजे एक आवर्तन २० मिलीसेकंदांचं, त्याच्यापेक्षाही हा वेळ कमी. आणि घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक वेळा एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको लिहिलेलं. यूपीएस मोडमध्ये अदलाबदल साधारण १० ते २० मिलीसेकंदांत होते, इकोमध्ये ४० पर्यंत जाऊ शकते. शिवाय इको मोडमध्ये लाईट अगदी डीम होऊन शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत आली तरी इन्व्हर्टर तीच पुढे ढकलत राहतो, बॅटरी वाचवायला. आमचा स्विच इकोवर होता, बसवला त्या दिवसापासून.

स्विच यूपीएसवर केला आणि पाचातले बहुतेक प्रसंग थांबले, पण जुना एसएमपीएस आणि २० मिलीसेकंद हा हिशोब काठावरचाच, म्हणून सर्व्हरसाठी वेगळा लहान लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज थोडं खालीवर झालं तर स्वतः सावरणारा) यूपीएस घेतला. घेताना दोन गोष्टी बघा. नवीन चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज नीट प्रमाणात ओढणारा भाग) असतो आणि त्यातल्या काहींना चौकोनी लहरीचा, म्हणजे प्युअर साइनवेव्ह नसलेला यूपीएस किंवा इन्व्हर्टर मानवत नाही, लाईट गेली की यूपीएस असूनही मशीन पडतं आणि माणूस चक्रावतो. आणि यूपीएसला यूएसबी पोर्ट हवा. ती केबल सर्व्हरला जोडून नट म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स हा फुकटचा प्रोग्रॅम टाकला की बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. यूपीएसची बॅटरी लेड ॲसिडची असते, दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकलेल्या बॅटरीचा यूपीएस हा स्वतःच रीबूटचं कारण होतो, कारण काही यूपीएस अधूनमधून आपली बॅटरी तपासायला क्षणभर तिच्यावर जातात आणि त्याच क्षणी सगळं बसतं. बॅटरी बदलल्याची तारीख यूपीएसवर चिकटवून ठेवा.

दुसरा गट जास्त अवघड होता. रात्री आठ ते दहा, म्हणजे जेवताना आम्ही टीव्हीवर काहीतरी लावतो, सर्व्हरवरून. म्हणून मला वाटलं व्हिडिओ चालवताना प्रोसेसरवर लोड येतो, पण लोडची चाचणी तासभर चालवली तरी मशीन हललं नाही. मग वहीत परत बघितलं तर रीबूट पिक्चर चालू असताना होतच नव्हता, लावताक्षणी होत होता. आणि तेव्हा आठवलं की वीज वाचावी म्हणून मी डिस्कला अर्ध्या तासाने झोपायचं सेटिंग दिलं होतं.

साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरत असते तेव्हा पाच-आठ वॉट खाते. पण थांबलेली तबकडी परत वेगात आणायला तिला १२ व्होल्टच्या लाइनवर दोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो, काही सेकंदच, पण लागतो. एकीचे झाले साधारण २४ वॉट. चार एकदम उठल्या तर शंभराच्या घरात, आणि तेही सगळं एकाच लाइनवर अचानक. टीव्हीने फाइल मागितली की झेडएफएस चारही डिस्ककडे एकदम धावतो. दहा वर्षं जुन्या, २४० वॉटच्या ऑफिस एसएमपीएसला कागदावर हे झेपायला हवं, पण आतले कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात, दर १० अंश जास्त तापमानाला त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि टीव्ही युनिटखाली हवा कुठली. १२ व्होल्टच्या लाइनने ११.४ च्या खाली जायचं नसतं. एसएमपीएस मदरबोर्डला एका वेगळ्या तारेवरून सतत "वीज ठीक आहे" असा सिग्नल देत असतो, व्होल्टेज नको तितकं घसरलं की तो सिग्नल पडतो आणि मदरबोर्ड त्याच क्षणी रीसेट होतो, लॉगमध्ये एक अक्षर न लिहिता. मल्टिमीटर लावून बघितलं तर १२.१ दाखवत होता, छान. पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो, काही मिलीसेकंदांचा खड्डा त्याला दिसत नाही, त्यामुळे मल्टिमीटर ठीक म्हणजे एसएमपीएस ठीक असं समजू नका.

अंदाज बरोबर आहे का हे बघायला मी चारही डिस्क कमांड देऊन झोपवल्या आणि एकदम उठवल्या. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही, तिसऱ्यांदा मशीन माझ्यासमोर पडलं. बिघाड हवा तेव्हा घडवून आणता आला की लढाई जवळपास जिंकलेली असते. मग उलट बाजूनेही तपासलं, झोपायचं सेटिंग काढलं, तर बारा दिवस रात्रीचा एकही रीबूट नाही. त्यानंतरच नवीन एसएमपीएस घेतला आणि झोपायचं सेटिंग परत चालू करून, तीस वेळा झोपवून-उठवून बघितलं. जुना एसएमपीएस ओळखीच्या रिपेअरवाल्याने उघडला तर दोन कपॅसिटर वरून फुगलेले. तुम्ही स्वतः तो उघडू नका, प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर जोरदार झटका देऊ शकतो.

नवीन एसएमपीएस बसवताना साताठ डिस्क असतील तर स्प्लिटरकडे लक्ष द्या, एका मोलेक्समधून, म्हणजे जुन्या चार पिनांच्या प्लगमधून, साटाचे चार फाटे काढणारे जे स्वस्तातले प्लास्टिक ओतून बनवलेले कनेक्टर मिळतात त्यांत आतल्या तारा एकमेकींना चिकटून आग लागल्याचे प्रकार झालेत. एसएमपीएसच्याच केबलवर पुरेसे साटा कनेक्टर असलेला घ्यावा.

तुमचं कारण वीज नसेल तर बाकीचे संशयित थोडक्यात. रॅमसाठी मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवायचा, आणि एकसुद्धा एरर आली तर ती रॅम गेली समजायची, "फक्त एकच आहे" असं चालत नाही. झेडएफएसमध्ये चेकसम एरर (वाचलेला डेटा लिहिलेल्याशी जुळत नाही अशा) एकाच डिस्कवर असतील तर ती डिस्क किंवा तिची केबल, पण सगळ्या डिस्कवर थोड्या थोड्या असतील तर चार डिस्क एकदम कशा बिघडतील, तेव्हा सगळ्यांमध्ये जे सामाईक आहे ते बघायचं, रॅम, कंट्रोलर कार्ड, वीज.

गरम झाल्यामुळे म्हणाल तर प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही नाही भागलं तर मशीन बंद होतं, परत चालू होत नाही सहसा. मात्र सेकंडहँड घेतलेली सर्व्हरची एचबीए कार्डं (जास्त डिस्क जोडायची), ती मोठ्या पंख्यांच्या वाऱ्यासाठी बनवलेली असतात, घरच्या शांत कॅबिनेटमध्ये ती भाजतात आणि मग डिस्क गायब होणं, हँग होणं सुरू होतं. त्यांच्यावर एक छोटा पंखा लावाच.

आणि एक विचित्र प्रकार, जो घरच्या सर्व्हरला खास लागू आहे, तो म्हणजे काहीच काम नसताना पडणं. रात्री तीनला, सगळे झोपलेले असताना. २०१७ च्या पहिल्या पिढीच्या एएमडी रायझन प्रोसेसरवर लिनक्स असं अडकायचं, मशीन इतकं निवांत व्हायचं की प्रोसेसर अगदी गाढ झोपेत जायचा आणि उठायचाच नाही, त्यावर बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाचं सेटिंग आलं, ते टिपिकल केलं की बहुतेकांचं थांबलं. इंटेलच्या जे१९०० सारख्या छोट्या चिपवरही असाच त्रास होता आणि तिथे गाढ झोपेवर मर्यादा घालावी लागायची. अशा वेळी वॉचडॉग चालू असेल तर तुम्हाला हँग दिसतच नाही, फक्त रीबूट दिसतो. म्हणून रिकामं असताना पडत असेल तर वॉचडॉग बंद करून बघा, सकाळी मशीन गोठलेलं सापडलं तर तिसरा प्रकार नक्की. कॅबिनेटच्या पुढच्या रीसेट बटणाची तारही मदरबोर्डवरून काढून ठेवा, अडकलेलं बटण हे कारण विश्वास बसणार नाही इतक्या वेळा निघतं आणि तपासायला दोन मिनिटं लागतात.

बदल मात्र एका वेळी एकच, आणि त्यानंतर जितक्या दिवसांनी तो पडायचा त्याच्या तिप्पट दिवस थांबायचं. आठवड्याला एकदा पडणारं मशीन पाच दिवस नीट चालल्याने काहीच सिद्ध होत नाही.

सगळं झाल्यावर मी पूर्ण स्क्रब चालवला, म्हणजे झेडएफएस प्रत्येक फाइलचा प्रत्येक तुकडा वाचून ताडून बघतो, साडेसहा तास चालला आणि एरर शून्य. ओव्यांची फाइल तरीही वेगळी उघडून शेवटपर्यंत ऐकली. त्यानंतर गेल्या महिन्यात लाईट दोन तास गेली होती, यूपीएसने सांगितल्यावर सर्व्हर रीतसर बंद झाला, लाईट आल्यावर चालू झाला, आणि बघितलं तर १२ नंबरचा आकडा एकने वाढला होता आणि १९२ चा जागच्या जागी.